मुळांची हाक, बुरशीची ओ

आंबा असो वा साग, झाडाचे मूळ जमिनीत एकटे नसते. मुळाच्या पेशींत वस्ती करणारी आणि तेथून मातीत दूरवर तंतू पसरवणारी सूक्ष्म बुरशी त्याची सोबत करते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये झाडांच्या मुळांवरील अशा सहजीवनाला 'मायकोरायझा', म्हणजे 'बुरशी-मूळ', असे नाव दिले. बुरशी मातीतील स्फुरद मुळापर्यंत पोहोचवते. त्या बदल्यात झाड तिला शर्करा व स्निग्ध पदार्थ पुरवते. अंधाऱ्या मातीत या दोघांची गाठ घालून देतात ती रसायने.

संकेतांची देवाणघेवाण

स्फुरदाची टंचाई जाणवू लागली की मुळे 'स्ट्रायगोलॅक्टोन' गटातील रसायने अत्यल्प प्रमाणात मातीत सोडतात. ती स्पर्शताच बुरशीच्या तंतूंना भराभर शाखा फुटतात, हे जपानमधील कोहकी अकियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. हे रेणू मातीत लवकर विघटित होतात. त्यामुळे ते आढळले, की मूळ जवळच आहे असा त्याचा अर्थ होतो. बुरशीही कायटिनवर्गीय लहान रेणू सोडून ओ देते. ते ओळखताच मुळाच्या पेशीकेंद्रकातील कॅल्शियमचे प्रमाण ठरावीक लयीत कमी-जास्त होऊ लागते आणि बुरशीला आत घेण्याची तयारी सुरू होते. आत शिरलेली बुरशी पेशीत झुडपासारखी शाखायुक्त रचना उभारते. तीच या देवघेवीची बाजारपेठ.

पाइन, पॉप्लर, साल या वृक्षांवरील बुरशी पेशींत न शिरता मुळांच्या टोकांभोवती आवरण तयार करते. 'लॅकेरिया बायकलर' ही बुरशी पॉप्लरच्या पेशींत एक लहान प्रथिन धाडते आणि झाडाची संरक्षणयंत्रणा शिथिल करते, असे २०११ व २०१४ मधील संशोधनांतून स्पष्ट झाले.

टारफुल्याचे फावते

मित्रासाठी घातलेली हाक शत्रूच्याही कानी पडते. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे सुप्त राहते आणि स्ट्रायगोलॅक्टोनची चाहूल लागताच रुजते. किंबहुना या रसायनगटाची पहिली ओळख १९६६ मध्ये टारफुल्याच्या अभ्यासातूनच झाली. त्याचे नावही टारफुल्याच्या 'स्ट्रायगा' या शास्त्रीय नावावरून आले आहे. ज्वारीच्या काही वाणांच्या मुळांतून वेगळ्या घडणीचे स्ट्रायगोलॅक्टोन स्रवते. त्याने टारफुल्याचे बी फारसे रुजत नाही, म्हणून असे वाण त्याला दाद देत नाहीत.

खताची मात्रा

मातीत स्फुरद मुबलक असेल तर मुळे हा स्राव आवरता घेतात आणि बुरशीचा शिरकाव घटतो. मायकोरायझा जैविक खत देऊन त्याच पिकाला स्फुरदयुक्त रासायनिक खताचा भरमसाट डोस दिल्यास पहिला खर्च बहुधा वाया जातो. माती परीक्षणानुसार स्फुरदाची मात्रा ठरवणे या दृष्टीनेही हिताचे ठरते.