बिनखात्याच्या कळा

संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या रांगेत एफ-१ पासून एफ-१२ पर्यंत ज्या बारा कळा असतात, त्यांपैकी एकीवरही मुळात कामाचा उल्लेख नसतो, आणि हे अनवधानाने घडलेले नाही; यंत्र घडविणाऱ्याने केवळ क्रमांक द्यावा आणि कर्तव्याचा निवाडा प्रणाली लिहिणाऱ्याने करावा, असा तो शिरस्ताच आहे. मंत्रिमंडळातील बिनखात्याच्या मंत्र्यांसारखी ही व्यवस्था.

या कळांचे पूर्वज १९६५ च्या सुमाराच्या फ्रायडेन कंपनीच्या फ्लेक्सोरायटर यंत्रावर सापडतात. पण आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये काढलेल्या वैयक्तिक संगणकामुळे त्या सर्वपरिचित झाल्या. त्यावर त्या दहाच होत्या आणि डाव्या अंगास दोन उभ्या ओळींत बसत. पुढे १०१ कळांच्या फलकाने त्या बारा करून माथ्यावर आडव्या मांडल्या.

अखत्यार असा मोकळा सोडल्यावर बेबंदशाही माजणे क्रमप्राप्तच होते. लोटस या कोष्टक-प्रणालीत मदत मागावी एफ-१ वर, तर वर्डपरफेक्ट या लेखन-प्रणालीत एफ-३ वर. त्यामुळे कळांचे अर्थ छापलेली पट्टी फलकावर ठेवून कारकून काम करीत. १९८७ मध्ये आयबीएमने सामाईक नियमावली जारी केली, आणि मदतीचे खाते एफ-१ कडे कायम झाले. काही नेमणुका मात्र आपल्याला निरुपयोगीच: वर्डमध्ये शिफ्टसह एफ-३ दाबल्यास लहान रोमन अक्षरांची मोठी होतात, पण देवनागरीत तो भेदच नसल्याने मराठी मजकुरावर तिची मात्रा चालत नाही.

या कळांना खरी प्रतिष्ठा आपल्याकडे दिली ती १९८६ साली बंगळुरात श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत यांनी सुरू केलेल्या कंपनीच्या टॅली या हिशेब-प्रणालीने. एफ-४ वर रोकड व बँक यांमधील फिरवाफिरव, एफ-५ वर रक्कम दिल्याची, एफ-६ वर आल्याची, एफ-७ वर किरकोळ जमाखर्चाची, एफ-८ वर विक्रीची आणि एफ-९ वर खरेदीची नोंद, अशी सारी कीर्द तिने सहा कळांत बसविली. नाशकात इंदिरानगरच्या वडाळा-पाथर्डी रस्त्यासारख्या वस्तीतील कर-सल्लागाराच्या कचेरीत वीस तारखेच्या जीएसटी विवरणपत्राची घाई चालू असता कामास बसलेली मुलगी माऊसकडे हात न नेता सटासट पावत्या चढविते, ती याच बळावर. ‘एफ-पाचला टाक’ एवढी आज्ञा तिला पुरते. मुनिमाच्या लाल बासनातील वहीला इतका सुटसुटीत वारस मिळेल, असे कोणाला वाटले नसते.

अलीकडच्या लॅपटॉपांनी मात्र याच जागी आवाज आणि उजेड यांच्या कळा घुसवून जुन्या अधिकाऱ्यांना दुय्यम केले आहे, व हिशेबनिसाच्या दृष्टीने हा शुद्ध अन्याय आहे. ज्यांना ही पीडा असेल, त्यांनी एफएन कळेसह एस्केप दाबून पाहावे. बऱ्याच यंत्रांवर तेवढ्याने कळांना त्यांचा मूळ अखत्यार परत मिळतो.