गेमिंग मॉनिटर

गेमिंग मॉनिटर हा संगणकीय खेळ खेळण्यासाठी विशेष उपयुक्त असलेला संगणकाचा पडदा होय. कचेरीतील साध्या मॉनिटरपेक्षा त्याचा रिफ्रेश रेट अधिक, प्रतिसादकाळ कमी आणि चित्र दाखवण्यातील विलंब अल्प असतो. एकेकाळी महाग असलेला हा प्रकार २०२५च्या सुमारास भारतात दहा हजार रुपयांच्या आसपासही मिळू लागला. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा आणि खेळाचा पडदा एकच असणे शक्य झाले आहे.

पार्श्वभूमी

जुने काचनळीचे (सीआरटी) मॉनिटर जड असले, तरी हलते चित्र स्वच्छ दाखवत. सुरुवातीच्या सपाट एलसीडी पडद्यांवर हलत्या वस्तूंमागे पुसट छाया राहत असे. त्यामुळे वेगवान खेळ खेळणारे अनेक जण दीर्घकाळ काचनळीलाच चिकटून राहिले. २००९च्या सुमारास त्रिमितीय चित्रांसाठी १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात आले आणि त्यांचा खरा लाभ खेळाडूंना झाला. २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. एएमडीचे फ्रीसिंक तंत्र असलेले मॉनिटर २०१५ मध्ये उपलब्ध झाले. २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपली ग्राफिक्स कार्डे अडॅप्टिव्ह-सिंक प्रकारच्या मॉनिटरवरही चालू दिली. परिणामी स्वस्त मॉनिटर घेणाऱ्यासही ही सुविधा मिळू लागली.

निवडीचे निकष

रिफ्रेश रेट : पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो, याचे हे माप हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १०० हर्ट्झवर १०, तर १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंद. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यास जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० हर्ट्झवर गेल्यास मात्र तीनपेक्षा कमीच वाचतात. म्हणून मर्यादित खर्चात १४४ ते १८० हर्ट्झ ही पातळी पुरेशी मानली जाते.

ग्राफिक्स कार्डाशी मेळ : संगणक सेकंदाला ६०च चित्रे तयार करू शकत असेल, तर १८० हर्ट्झच्या पडद्यावरही खेळातील नवी चित्रे तेवढीच दिसतात. त्यामुळे आधी संगणकाची क्षमता व खेळाचा प्रकार पाहणे इष्ट ठरते. ‘व्हॅलरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत अधिक रिफ्रेश रेटचा स्पष्ट उपयोग होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने विकसित केलेल्या व २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’सारख्या कथाप्रधान खेळात रंग व तपशील अधिक मोलाचे ठरतात.

आकार व रिझोल्यूशन : पडद्यावरील ठिपके किती दाट आहेत, यावर अक्षरांचा रेखीवपणा अवलंबून असतो.

आकार | रिझोल्यूशन | प्रति इंच ठिपके (सुमारे)
२३.८ इंच | १९२० × १०८० | ९३
२७ इंच | १९२० × १०८० | ८२
२७ इंच | २५६० × १४४० | १०९
२७ इंच | ३८४० × २१६० | १६३

२७ इंचांचा १०८० पी पडदा मोठा दिसतो, पण त्यावरील देवनागरीच्या वेलांट्या व जोडाक्षरे काहीशी खरखरीत भासतात. १४४० पी पडद्यावर १०८० पीच्या सुमारे पावणेदोन पट ठिपके असल्याने ग्राफिक्स कार्डावरील भारही बराच वाढतो. अल्प खर्चात २४ इंच व १०८० पी ही जोडी म्हणूनच सर्वाधिक रूढ आहे.

पॅनेल : आयपीएस पॅनेलवर रंग बाजूने पाहिले तरी फारसे बदलत नाहीत. व्हीए पॅनेलवर काळा रंग अधिक गडद उमटतो, परंतु स्वस्त मॉनिटरवर अंधाऱ्या दृश्यांत छाया रेंगाळते. टीएन पॅनेल वेगवान असले, तरी त्याचे रंग व दृष्टिकोन निकृष्ट असतात. ओलेड पॅनेल सर्वांत वेगवान व सर्वांत महाग आहे.

जाहिरातीतील आकडे : ‘१ मिलिसेकंद’ हा दावा बहुधा सर्वांत अनुकूल स्थितीतील मापावर आधारलेला असतो. त्यासाठी वापरलेल्या तीव्र ओव्हरड्राइव्हमुळे हलत्या वस्तूंमागे उलटी, उजळ छाया दिसू शकते. स्वस्त मॉनिटरवरील ‘एचडीआर’ ही अक्षरेही अनेकदा केवळ संकेत स्वीकारण्याची क्षमता दर्शवतात. पुरेशा प्रकाशाअभावी चित्रात विशेष सुधारणा होत नाही.

जोडणी

योग्य मॉनिटर घेऊनही तो ६० हर्ट्झवरच चालत राहणे, ही वारंवार आढळणारी बाब आहे. याची कारणे सामान्यतः तीन असतात : केबल मदरबोर्डाला जोडलेली असणे, केबल वा पोर्ट जुने असणे आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अधिक रिफ्रेश रेट न निवडणे. एचडीएमआय १.४ मधून १०८० पी चित्र साधारणतः १२० हर्ट्झपर्यंतच जाते. त्यामुळे संगणकासाठी डिस्प्लेपोर्ट जोडणी सोयीची ठरते.

किनारपट्टीवरील वापर

रेवदंडा हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील, कुंडलिका नदीच्या मुखाजवळचे गाव आहे. अशा किनारी गावांत मॉनिटर निवडताना हवामान व वीजपुरवठा यांचाही विचार करावा लागतो. खाऱ्या, दमट हवेमुळे प्लग व पोर्टांचे धातूचे भाग गंजतात. पडद्यावर जमणारा खारट थर कोरड्या कापडाने जोराने घासल्यास ओरखडे पडतात. तो किंचित ओलसर, मऊ कापडाने हलकेच टिपणे योग्य असते. द्रव थेट पडद्यावर फवारू नये.

पावसाळ्यात वीज खंडित होऊन परत येताना दाबात चढउतार होतात. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ बंद होता. २४ इंची मॉनिटर साधारण २० ते ४० वॅट वीज घेतो. त्यामुळे यूपीएसची क्षमता मॉनिटरपेक्षा संगणकाच्या, विशेषतः ग्राफिक्स कार्डाच्या, वापरावरून ठरवली जाते. वादळी पावसात प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खरेदी, कर व हमी

३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याहून मोठ्या मॉनिटरवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी १०,००० रुपये किंमत असलेला मॉनिटर त्यामुळे ११,८०० रुपयांना पडतो. मॉनिटर भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीखाली येतात.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) ही संगणकसामग्रीची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. रेवदंड्याच्या परिसरातील ग्राहक मांडव्याहून जलमार्गानेही मुंबई गाठू शकतो. दुकानात पडदा प्रत्यक्ष लावून ठिपके तपासता येतात, हा तेथील मोठा लाभ होय. परतीच्या प्रवासात खोके उभे ठेवावे लागते. पडद्यावर दाब पडल्यास पॅनेलला तडा जातो आणि असे नुकसान सहसा हमीत बसत नाही.

ऑनलाइन किंमत कमी असली, तरी घरपोच दुरुस्तीची सेवा आपल्या पिनकोडवर मिळते का, हे आधी पाहणे महत्त्वाचे असते. ती नसल्यास नादुरुस्त मॉनिटर शहरात नेण्याचा खर्च व वेळ ग्राहकावर पडतो आणि किमतीतील बचत संपते. काही मृत ठिपके अनेक उत्पादक दोष मानत नाहीत. म्हणून परताव्याची मुदत संपण्यापूर्वी पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या व निळ्या पार्श्वभूमीवर पडदा तपासतात.

हे सुद्धा पहा

संगणक
ग्राफिक्स कार्ड
एलसीडी
ई-क्रीडा
रेवदंडा