तळटीपांतील खुणा

शास्त्रीय नियतकालिकाकडे निबंध धाडतांना संदर्भांतील स्वल्पविरामांचेही नियम पाळावे लागतात, म्हणून आमचे तरुण मित्र कुरकुरतात. त्यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति उघडून पाहावी. १९१९ सालीं आरंभिलेलें हें कार्य १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं संपूर्ण झालें. त्याच्या पानोपानीं तळाशीं पाठभेदांची दाटी आहे. शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिप्यांतील पोथ्या. प्रत्येकीस लिपीचें एक अक्षर व एक अंक. जेथें संपादकास पुरती खात्री नाहीं, तेथें शब्दाखालीं नागमोडी रेघ! पंडितानें स्वतःचा संशय असा छापून द्यावा, हें आमच्याकडे विरळाच.

गणपति व्यासांचा लेखक झाल्याची लाडकी कथा या संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. आम्हांसही चुटपुट लागली, हें कबूल करतों. परंतु ती कोणत्या पोथ्यांत आढळते, हें तेथेंच नोंदलेलें आहे. त्यामुळें परभणीजवळच्या पिंगळीस बसलेला वाचकही, एकही पोथी हातीं न घेतां, संपादकाशीं त्याच्याच पुराव्यानिशीं भांडूं शकतो.