तणनाशके आणि डबक्यातली पाणपिसू

बुलढाणा जिल्ह्यात तण काढणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दोन कामे होती : बैलांच्या डवऱ्याने डवरणी आणि बायांच्या हातचे निंदण. पुढे कपाशी-ज्वारीच्या जोडीला सोयाबीन आले, मजुरी वाढली आणि हे काम हळूहळू पाठीवरच्या फवारणी पंपाकडे गेले. शेतातला हा बदल सर्वांना दिसला. शेताखालच्या डबक्यात काय बदलले, ते आपण पाहू.

या डबक्यातली एक रहिवासी म्हणजे डॅफ्निया, अर्थात पाणपिसू. नाव पिसवेचे, पण नाते खेकडा-झिंग्यांशी. १६६९ साली यान स्वामरडाम या डच अभ्यासकाने तिचे वर्णन केले. शरीर इतके पारदर्शक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही तिच्या हृदयाची धडधड दिसते. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खाणे हा तिचा उद्योग, आणि माशांच्या पिलांचे ती अन्न. १९४४ साली बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यातली विषे मोजायला तिचाच उपयोग केला. तेव्हापासून ती प्रयोगशाळेची मापकाठी झाली आहे.

दुसरे महायुद्ध संपता संपता २,४-डी हे तणनाशक बाजारात आले. कीटकनाशक प्राण्यांना मारते, तणनाशक वनस्पतींना. मग पाण्यातल्या जिवांना त्याची कसली भीती, असा समज रुजणे स्वाभाविक होते. १९७४ साली आलेल्या ग्लायफोसेटने तो पक्का केला. हे रसायन वनस्पतींतले एक विकर बंद पाडते आणि ते विकर प्राण्यांत नसतेच. तर्क बिनचूक होता, पण तो फक्त मूळ रसायनापुरता.

बाटलीत रसायन एकटे नसते. थेंब पानावर पसरावा, आत शिरावा म्हणून त्यात साबणासारखा एक पदार्थ मिसळतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७९ साली ग्लायफोसेट, हा साथीदार आणि तयार मिश्रण यांची मासे व पाण्यातले अपृष्ठवंशी प्राणी यांवर वेगवेगळी चाचणी घेतली. मुख्य विष ठरला तो साथीदार! २००४ साली पाणपिसवेच्या एका भाऊबंदावर प्रयोग झाला. पाण्याचा सामू ५.५ ऐवजी ७.५ असला की तयार मिश्रणाचा त्रास वाढतो, असे त्यात आढळले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली जमीन अल्कधर्मी आहे, हे येथे आठवावे.

दुसरी वाट उपासमारीची. अ‍ॅट्राझिन प्रकाशसंश्लेषण रोखते. कॅन्सासमधल्या प्रायोगिक तळ्यांत लिटरला २० आणि ५०० मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझिन टाकल्यावर काही दिवसांतच शेवाळाची वाढ मंदावली आणि त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांनाही झळ पोहोचली. हे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. पाणपिसवेला विष दिलेच पाहिजे असे नाही. तिचे ताट काढून घेतले तरी पुरते.

आता आपल्या जिल्ह्यातला पावसाळा पाहा. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे. शेगाव-संग्रामपूरकडच्या विहिरीही बऱ्याच खारट. तिथे गोडे पाणी म्हणजे शेततळ्यात आणि नाल्यात साठलेला पाऊस. उन्हाळाभर कोरड्या गाळात पाणपिसवेची टणक कवचातली अंडी पडून असतात आणि पहिल्या पावसांनी पाणी भरले की फुटू लागतात. नेमका हाच पेरणीचा काळ. कपाशीत उगवणीपूर्वी फवारले जाणारे पेंडिमेथॅलिन मातीला चिकटून राहते आणि जोराच्या पावसात गाळाबरोबर वाहून याच पाण्यात येऊ शकते. म्हणजे पिलांचा जन्म आणि फवारणीचा हंगाम एकाच पंधरवड्यात गाठ पडतात.

पाणपिसवेवरची प्रमाणित चाचणी ४८ तासांची, साधारण २० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात होते. जून-जुलैत आपल्या गावच्या शेततळ्याचे पाणी किती अंश असते आणि पहिल्या पावसानंतर कितव्या दिवशी त्यात पाणपिसवा दिसतात, या दोन नोंदी एक थर्मामीटर आणि चहाची जुनी गाळणी घेऊन आपला वर्ग ठेवू शकतो. फवारणी चालू असेल त्या दिवशी मात्र मुलांना तिकडे नेऊ नये.