हृदयाची तपासणी : नाडीपासून ‘टूडी इको’पर्यंत

मालवण, (प्रतिनिधी) : शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ‘हृदयात आवाज आहे, इको करावा’ अशी चिठ्ठी दिली की घरातले वातावरणच पालटते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील पालकांपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ओरोसला जावे की थेट बांबोळी गाठावी? मात्र अशा चिठ्ठीचा अर्थ मुलाला हृदयविकार आहे, असा होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची एकदा तपासणी होते. जन्मजात हृदयदोष आणि सांधेतापातून (ऱ्हुमॅटिक फीव्हर) उद्भवणारा झडपांचा विकार, हे दोन्ही या पथकांनी शोधावयाच्या आजारांत मोडतात. ‘लब-डब’ या दोन ठोक्यांच्या मध्ये येणाऱ्या फुसफुसाटाला डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात. निरोगी मुलांतही तो पुष्कळदा आढळतो. ताप किंवा रक्तक्षय असल्यास अधिक स्पष्ट होतो. निरुपद्रवी मर्मर मृदू व आखूड असतो आणि मूल उठून बसले की बहुधा बदलतो. ‘डब’नंतर ऐकू येणारा मर्मर मात्र निरुपद्रवी मानला जात नाही. दूध पिताना घाम येणे, वजन न वाढणे, ओठ निळसर दिसणे, जांघेतील नाडी क्षीण लागणे यांपैकी काही सोबत असेल, तर विलंब करू नये.

पॅरिसच्या रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून स्टेथोस्कोपचा इतिहास सुरू होतो. पण चांगला डॉक्टर ते कानाला लावण्यापूर्वीच बरेच काही जाणून घेतो. नाडीची गती व नियमितता, पाच मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर घेतलेला रक्तदाब (पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर), बोटांचा निळेपणा, पावलांवरची सूज, हे सारे आधी येते. रुग्णाला सुमारे ४५ अंशांत टेकवून निजवले असता मानेतील शीर फार वरपर्यंत फुगलेली दिसली, तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असल्याचा संशय येतो. हृदयाचा ठोका डाव्या बाजूस, पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत हाताला लागतो. तो बाहेर सरकला असेल, तर हृदय मोठे झाल्याची शक्यता असते. त्यानंतर छातीवर चार ठिकाणी ऐकले जाते. पावले सुजलेल्या रुग्णाला डॉक्टर जेवणाविषयी विचारतात, त्याचेही कारण आहे. आपल्याकडील खारा बांगडा व सुकट यांतील मीठ अशक्त हृदयाला जड जाते. (हे ऐकून नाराज होणारे रुग्ण किनाऱ्यावर कमी नाहीत!)

इकोचे तंत्र १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुट हर्ट्झ यांनी प्रथम वापरले. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. प्रौढांच्या इकोत साधारण २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. तो हवेतून नीट जात नाही, म्हणून छातीवर जेल लावतात आणि रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात. यात क्ष-किरण नसल्याने गर्भवतीलाही धोका नाही. उपाशी राहण्याचीही गरज नसते. झडपा, कप्पे व भिंतीतील छिद्र पडद्यावर दिसतात, तर डॉप्लरने रक्ताचा वेग व दिशा कळते. प्रत्येक ठोक्यागणिक डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर पडते, तो आकडा म्हणजे ‘ईएफ’. सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के हे प्रमाण ठीक मानतात. १०० टक्के कोणाचेच नसते, त्यामुळे ६० चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

कान आणि यंत्र यांतील फरक २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ठळक केला. कंबोडिया व मोझांबिकमधील शाळकरी मुलांत इकोने झडपांच्या विकाराचे जे रुग्ण सापडले, ते केवळ स्टेथोस्कोपने सापडलेल्यांच्या सुमारे दहापट होते. तरीही प्रत्येक गावात इको शक्य नाही. गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक असून ते मनाला येईल तेव्हा वाडीवस्तीवर नेता येत नाही. त्यातच २०१८ च्या प्रारंभी गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले होते. बांबोळीवर हा जिल्हा किती विसंबून होता, ते त्या वेळी दिसले. कोणाला पुढे पाठवायचे, हे ठरवणारी गावातील पहिली तपासणी म्हणूनच मोलाची ठरते.

इकोचीही मर्यादा आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील अडथळा त्यात थेट दिसत नाही. ‘गेल्या महिन्यात इको नॉर्मल होता’ म्हणून छातीतील कळ अंगावर काढणे धोक्याचे आहे. अशा वेळी इकोची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांत तो काढला जावा, असा संकेत आहे. गर्भारपणात रक्ताचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक वाढते. त्यामुळे आजवर न कळलेली अरुंद झडप त्याच काळात धाप लागून प्रथम लक्षात येते. पायऱ्या चढताना किंवा उताणे निजल्यावर दम लागत असेल, तर ‘दिवस भरत आले’ असे म्हणून सोडून न देता हृदय तपासून घ्यावे. झडपांच्या विकारासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू असलेल्यांनी बरे वाटू लागले तरी ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नये आणि पुढील इकोला जाताना आधीचा अहवाल बरोबर न्यावा.