परीक्षणात निकालासोबत पुरावाही हवा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठ परिसरातील खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये पूर्ण झाले. प्रेक्षक कोठेही बसला तरी आखाड्यातील कुस्ती त्याला स्पष्ट दिसावी, अशी त्याची बांधणी आहे. निकाल मान्य करण्यासाठी तेथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. चरित्र, इतिहास किंवा वैचारिक पुस्तकाच्या परीक्षणाकडूनही सुजाण वाचकाची हीच अपेक्षा असते.

‘पुस्तक वाचनीय व संग्राह्य आहे’ हा शेरा कोणत्याही पुस्तकाला लागू पडतो. म्हणूनच तो कोणाला पटत नाही. परीक्षणाच्या आरंभी लेखकाचे मुख्य प्रतिपादन, त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत, दोन-तीन वाक्यांत मांडावे. त्यानंतर ज्या विधानांवर हे प्रतिपादन उभे आहे, त्यांपैकी एक तरी मूळ साधनांशी ताडून पाहावे.

शाहू महाराजांवरील एखाद्या नव्या पुस्तकाचे उदाहरण घेता येईल. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांना दिल्या, असे त्यात म्हटले असेल, तर आदेशाचा मूळ मजकूर पाहावा. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असे तो सांगतो. नेमणुकांचे तिमाही विवरणपत्र सादर करण्याचे बंधनही त्यात आहे. म्हणजे बदल एका दिवसात घडला नव्हता. तो घडवून आणण्याची व्यवस्था त्या दिवशी उभी राहिली. हा फरक पुराव्यानिशी दाखविणाऱ्या परीक्षकाच्या शब्दाला वजन येते.

चूक आढळल्यास तिचे गांभीर्यही सांगावे. तारखेची किंवा मुद्रणाची चूक पुढील आवृत्तीत दुरुस्त होते. निष्कर्षच कोसळविणाऱ्या चुकीची गोष्ट निराळी. आक्षेपासोबत पृष्ठक्रमांक द्यावा, म्हणजे वाचकाला पडताळणी करता येते. लेखकाने जे लिहिण्याचे योजिलेच नव्हते, ते नसल्याबद्दल त्याला दोष देऊ नये. लेखकाशी स्नेह असो वा वाद, तो उघड करावा.

अखेरीस पुस्तक कोणी वाचावे आणि कोणाचा त्यातून अपेक्षाभंग होईल, हे निःसंदिग्धपणे नोंदवावे. परीक्षकाचे मत अमान्य असणाऱ्या वाचकालाही ते कशावर आधारले आहे हे दिसले, तर परीक्षण सार्थकी लागले असे समजावे.