इटीसी फोल्डरमधलं उत्खनन

लिनक्सवर वेबचं काम सुरू करायचं म्हणजे पहिला दिवस सेटअपमध्ये जाणार, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुठूनतरी दहा ओळी कॉपी करायच्या, टर्मिनलमध्ये चिकटवायच्या, परवानगी नाही असा एरर आला की पुढे सुडो लावायचं, आणि तरीही नाही जमलं तर ७७७ करून मोकळं व्हायचं. (हे शेवटचं कृपया करू नका!) पान दिसायला लागलं की झालं. पण मंडळी, एखाद्या शनिवारी चहाचा कप घेऊन ते इटीसी फोल्डर नुसतं वाचून पाहा. तिथल्या विचित्र नावांमागे कुणाची सोडलेली नोकरी आहे, कुणाची सोय आहे, आणि एका ठिकाणी तर चक्क कुणाची लेक आहे.

सुरुवात एचटीॲक्सेसपासून करू. ही फाइल नसती तर आपल्यातल्या निम्म्या लोकांचे केस अजून काळे असते :) तिचा जन्म अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला. तिथल्या एनसीएसए या केंद्रात १९९३ साली मोझेक हा ब्राउझर तयार झाला, आणि त्याच केंद्रात रॉब मॅकूल नावाच्या विद्यार्थ्याने वेब सर्व्हर लिहिला. नाव साधंच, एचटीटीपीडी. आता विद्यापीठातलं वातावरण डोळ्यासमोर आणा. एकच मोठं युनिक्स मशीन, त्यावर शेकडो लोकांची खाती, आणि मुख्य किल्ली फक्त ॲडमिनकडे. प्रत्येकाला आपलं होमपेज हवं, म्हणून पब्लिक-एचटीएमएल हे फोल्डर. आपल्या पानांना पासवर्ड लावायचा तर दरवेळी ॲडमिनच्या दारात उभं राहायला नको, म्हणून फोल्डरमध्येच ठेवायची एचटीॲक्सेस. याची किंमत अशी, की कुणी साधं चित्र मागितलं तरी सर्व्हरला त्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ही फाइल आहे का ते बघावं लागतं. विद्यापीठात ते परवडत होतं. पुढे स्वस्त शेअर्ड होस्टिंगवाल्यांना नेमकी हीच सोय हवी होती, कारण त्यांच्याकडेही एक मशीन आणि शेकडो भाडेकरू! म्हणून ती टिकली.

१९९४ च्या मध्याला मॅकूल एनसीएसए सोडून गेला. नेटस्केप नावाने पुढे गाजलेल्या कंपनीत. आणि तेव्हा वेबवर सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर एकाएकी पोरका झाला. बग सापडले तर कळवायचे कुणाला? ज्यांच्या साइट्स त्यावर चालत होत्या ते आपापल्या घरी ठिगळं लावत बसले. सॅन फ्रान्सिस्कोत हॉटवायर्ड या साइटचं काम बघणारा ब्रायन बेलेनडॉर्फ त्यांतलाच एक. १९९५ च्या फेब्रुवारीअखेर अशा आठ जणांनी ईमेलवरून गट जमवला आणि सगळ्यांची ठिगळं एकत्र केली. एप्रिल १९९५ मध्ये पहिली आवृत्ती आली, तीच अपाची. मग रॉबर्ट थाऊने सर्व्हरची नवी रचना केली (तिचं टोपणनाव शंभाला!), आणि १ डिसेंबर १९९५ ला अपाची १.० बाहेर पडला. एप्रिल १९९६ मध्ये नेटक्राफ्टच्या मोजणीत तो पहिल्या नंबरवर होता.

या आठ जणांकडे कंपनी नव्हती, पगार नव्हता. सोर्स कोड मात्र उघडा होता. तो कपाटात कुलपात असता तर मॅकूलच्या नोकरीबरोबर तो सर्व्हरही संपला असता आणि वेबची सगळी गणितं एखाद्या कंपनीच्या परवान्यावर चालली असती.

१९९५ हे सालच अजब होतं. एप्रिलमध्ये अपाची, मे महिन्यात मायएसक्यूएलची पहिली अंतर्गत आवृत्ती, जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फने आपल्या बायोडेटाचं पान किती जण बघतात हे मोजायला लिहिलेली पीएचपीची हत्यारं जगाला दिली. आणि १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने मुंबईसह चार महानगरांत सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण दारात पोचलो तेव्हा पुढचं सगळं सामान नुकतंच मांडून झालं होतं. लिनक्ससकट या चौघांना लॅम्प हे नाव १९९८ मध्ये मिखाएल कुन्झं यांनी एका जर्मन मासिकातल्या लेखात दिलं.

आता लेकीची गोष्ट. मायएसक्यूएलमधलं 'माय' हे मॉन्टी विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव. (मराठीत माय म्हणजे आई, इथे मात्र लेक.) २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल सुमारे १ अब्ज डॉलरला घेतलं आणि २०१० मध्ये ओरॅकलने सनलाच गिळलं. डेटाबेस विकणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या हातात फुकटचा डेटाबेस! मॉन्टी गप्प बसले नाहीत. कोड २००० सालापासून जीपीएलखाली होता, त्यामुळे २००९ मध्येच त्यांनी त्याची वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. २०१७ च्या डेबियन ९ पासून तिथे मारियाडीबीच मूळ निवड आहे. जुन्या ट्युटोरियलमधली मायएसक्यूएलची कमांड डेबियनवर का अडते, ते आता कळलं असेल.

तसंच रेड हॅटवर फोल्डर एचटीटीपीडी आणि डेबियनवर अपाची२ का? रेड हॅटने मॅकूलच्या काळातलं नाव धरलं. डेबियनने काही काळ १.३ आणि २.० शेजारीशेजारी नांदवले, म्हणून दुसऱ्याला २ लावला. जुना गेला, आकडा राहिला. साइट्स-अव्हेलेबल आणि साइट्स-एनेबल्ड ही जोडीसुद्धा डेबियनवाल्यांचीच. एकात सगळ्या साइट्सच्या फाइली, दुसऱ्यात फक्त चालू साइट्सच्या लिंका. साइट बंद करायची तर लिंक काढा, फाइल सुरक्षित.

इगोर सिसोयेव्हचा एनजिनएक्स २००४ मध्ये आला तो सगळं नव्याने मांडायला. एचटीॲक्सेस तो वाचतच नाही, वेगासाठी ती पहिली कापली. पण डेबियनवर पॅकेजमधून एनजिनएक्स बसवा आणि त्याचं फोल्डर उघडा. मूळ एनजिनएक्समध्ये नसलेली साइट्स-अव्हेलेबल, साइट्स-एनेबल्डची जोडी तिथेही आहे.